गुरुवार संध्याकाळचे घर

१५ ऑक्टोबर १९३५, मंगळवार

पाद्रीसाहेबांची बोट आज मुंबईहून सुटली असेल. चौदा महिने विलायतेत राहतील. जाताना चर्चच्या किल्ल्या आणि पंचांचे अध्यक्षपद माझ्याकडे देऊन गेले. त्यांनी नेमले म्हणून मी अध्यक्ष. माझे नाव त्यांच्या आधीच्या साहेबांनी ठेवले, शाळेची मास्तरकी त्यांनीच ठरवली, बायको बोर्डिंगातल्या मुलींमधून त्यांच्याच मडमेने निवडली. अडतीस वर्षांत मी स्वतः निवडलेली वस्तू म्हणजे ही वही.

वही कशासाठी, तेही लिहितो. ६ तारखेच्या रविवारी भर चर्चमध्ये माझे नाव वाचले गेले. "गुरुवार संध्याकाळ, शांतवन मास्तरांचे घर, चुकले." केरू मिस्त्रीने वाचले. तो खुर्च्या-बाकांचा सुतार, पण फळा त्याच्या ताब्यात. त्या दिवशी मला प्रभुभोजन मिळाले नाही. सगळे उठून पुढे गेले आणि मी बाकावर एकटा बसून राहिलो.

आमच्या कृपापूरच्या चौदा घरांतले बहुतेक जण बाप्तिस्म्याच्या दिवशी आपापल्या गावाला मेले. काहींच्या घरच्यांनी तर जिवंतपणी त्यांचे दिवस घातले. म्हणून इथे म्हातारपणी कोणाला कोणी नसते. वस्तीचे पहिले वडील पंचवटीतले, लहानपणी वार लावून जेवलेले. त्यांनी तीच रीत इथे आणली. ज्याला कोणी नाही, त्याला वार लावायचे. चौदा घरे, सात वार, सकाळचे एक घर, संध्याकाळचे एक. नावे चर्चच्या ओसरीतल्या फळ्यावर. चुकला त्याचे नाव रविवारी वाचायचे.

सध्या वार आहेत ते एका लंकाबाईचे. विहिरीवर पडून तिचे खुब्याचे हाड मोडले, त्याला दोन वर्षे झाली. उठता येत नाही. त्या गुरुवारी माझी बायको वत्सला माहेरी नांदगावला होती आणि मी वाचनात विसरलो. एवढेच.

परवा येवल्याच्या परिषदेत अस्पृश्य मंडळींनी हिंदू धर्म सोडण्याचे बोलून दाखवले. वाचनालयात आज दुसरा विषय नव्हता. माणसाने आपला धर्म आपण निवडायचा, या कल्पनेनेच मी दिवसभर हलून गेलो आहे.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

आज वार चुकवला नाही. पिठले-भाकरी घेऊन गेलो. लंकाबाईची खोली वस्तीच्या टोकाला, चिंचेपलीकडे, स्मशानाच्या बाजूला. मुद्दाम गेल्याशिवाय तिकडे कोणाचे पाऊल वळत नाही.

"आलास का झिपरू? मला वाटलं सायबाबरोबर तू पन बोटीत बसलास."

"माझं नाव शांतवन आहे, बाई."

"ते पाद्र्याला सांग. तुझ्या जटा म्या कापल्या. उवा लय होत्या." मग एक घास घेऊन म्हणाली, "मीठ नाय यात."

संवत छप्पनच्या दुष्काळात मला पेठच्या रस्त्यावरून उचलून आणले तेव्हा ही अनाथगृहात स्वयंपाकाला होती. तिने मला पेज पाजली, हे ती पस्तीस वर्षे सांगत आली आहे. आज शाळेतली दोन मुले माझ्याबरोबर पाणी घेऊन आली होती. त्यांनी 'झिपरू' ऐकले आणि एकमेकांकडे पाहिले.

तिला कुशीवर वळवले, वाकळ झटकली, मडके भरले. हे सगळे करताना माझ्या मनात प्रेमाचा एक थेंबही नव्हता. खरे लिहायचे तर किळस होती, आणि केरूची भीती. मग देवाने यातले काय स्वीकारले असेल?

२६ ऑक्टोबर, शनिवार

दिवाळीचा बाजार. बोहोरपट्टीत बद्रुद्दीनशेठच्या काचसामानाच्या दुकानात कंदिलाच्या चिमण्यांसाठी झुंबड. मला नेहमीप्रमाणे त्यांनी आतल्या खोलीत स्टूल दिले. विलायती खोक्यांत काच फुटू नये म्हणून जुनी इंग्रजी साप्ताहिके कोंबलेली असतात. ती चुरगळलेली पाने सरळ करून मी वाचतो.

आज जो लेख हाती लागला तो दोनदा वाचला. मनुष्य आपल्या देहाचा आणि श्रमाचा मालक आहे. त्याच्या संमतीवाचून राजाने, सरकारने, शेजाऱ्याने किंवा बहुमतानेही त्याच्याकडून काही घेऊ नये. चांगल्या कामासाठीही नाही, कारण सक्तीने करवून घेतले की ते काम चांगले राहत नाही. 'मग दुबळ्यांचे काय?' असा प्रश्न लेखकाने स्वतःच विचारला होता, आणि तिथे पान संपले. पुढचे पान खोक्यात नव्हते. शेठच्या नोकराने त्यात कोणाला तरी चिमणी गुंडाळून दिली असावी.

पण उत्तर मला ठाऊक आहे. ते आमच्या शास्त्रात पानोपानी आहे. देवाने बागेत झाड लावले, त्याला कुंपण घातले नाही. श्रीमंत तरुण पाठ फिरवून निघाला, तेव्हा प्रभू त्याच्यामागे धावला नाही. ज्या देवाने स्वतःवर प्रेम करायचीही सक्ती केली नाही, त्याच्या चर्चमध्ये भाकरीसाठी फळा कशाला? मोकळीक दिली की दुबळ्यांना प्रेम मिळेल, आणि प्रेमाच्या मागोमाग भाकरी येईल.

शेठना हे सांगितले. ते दोऱ्याची गाठ दाताने तोडत म्हणाले, "आमच्यात जकात आहे, मास्तर. गरिबांसाठी, सालाला द्यायचीच. हुकूम आहे."

"मग त्यात तुमचं पुण्य काय?"

"पुण्याचं खुदा बघेल. घेणाऱ्याचं पोट भरतं ना?"

"तुम्ही व्यापारी. तुम्हाला मालाशी मतलब."

"आणि तुम्हाला कशाशी?" एवढे विचारून ते गिऱ्हाइकाकडे गेले.

१० नोव्हेंबर, रविवार

जिंकलो.

उपासनेनंतर पंचांची आणि सगळ्या घरधन्यांची सभा घेतली. कुंपण नसलेल्या झाडाचा दाखला दिला तेव्हा केरू म्हणाला, "कुंपण नव्हतं म्हणून तर पुढचं सगळं रामायण झालं की, मास्तर." सगळे हसले. मी हसू ओसरेपर्यंत थांबलो.

मी म्हणालो, "भीतीने दिलेली भाकरी ही वेठ आहे. आपण गावची वेठ टाकून इथे आलो, ती देवाच्या घरी पुन्हा धरायची?"

हे लागले. अनेकांच्या बापांनी वेठ केलेली आहे. पण केरू हटेना. "माझी बायको रोज भाकरी थापते. मनापासून थापते का, मी कधी विचारलं नाही. विचारलं तर काठवट डोक्यात घालील." पुन्हा हशा. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मास्तर, तुमचं नाव वाचलं म्हणून हे चाललंय का?"

मी शांतपणे सांगितले की तत्त्वाच्या प्रश्नात व्यक्तीला आणू नये. अकरा हात वर झाले. फळा उतरवला. खिळे केरूनेच काढले, लाकूड चिरू नये म्हणून जपून.

घरी आल्यावर वत्सलाने विचारले, "मग उद्या सकाळी लंकाबाईकडे कोण जाणार?"

"ज्याच्या मनात येईल तो."

"म्हणजे कोण?"

तिचा जन्म बोर्डिंगात गेला. घंटेवर जेवायची सवय.

१८ नोव्हेंबर, सोमवार

फळा उतरवून आठवडा झाला. मंगळवारी एकाच दिवशी पाच घरांतून ताटे गेली! लंकाबाई म्हणाली म्हणे, "मेले का काय मी, एवढी मानसं यायला?" उरलेले कुत्र्याने खाल्ले. शुक्रवारी आणि शनिवारी मात्र कोणीच गेले नाही, असे आज कळले. पाऊससुद्धा सारखा पडत नाही. शेवटी सरासरी जमते.

येवल्याकडून पत्र आले. धोंडीराम नावाचे गृहस्थ, रेल्वेत गँगमन आहेत, आपल्या वस्तीतर्फे निरनिराळ्या धर्मांची माणसे कशी राहतात ते बघत फिरत आहेत. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी कृपापूरला येऊ का, असे विचारतात. देवाची योजना किती स्पष्ट आहे! ते येतील तेव्हा त्यांना जगात कुठे नसेल अशी वस्ती दिसेल. कोणी कोणाला भाग पाडत नाही आणि तरी कोणी उपाशी नाही.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

संध्याकाळी लंकाबाईकडे जायला निघालो. पायात वहाणा घातल्या आणि थांबलो. मी का चाललो आहे? गुरुवार म्हणून. म्हणजे सवयीने. वाटेत केरूचे घर लागते, त्याने पाहावे म्हणूनही थोडे. प्रामाणिकपणे मन तपासले तर त्यात लंकाबाई कुठेच नव्हती. अशा मनाने नेलेली भाकरी म्हणजे खोटी साक्ष. वहाणा काढल्या.

वत्सला म्हणाली, "भाकरी बांधून ठेवली आहे."

तिला कारण सांगितले. "मग मी जाऊ?"

"तुला आतून वाटतंय का, की मी जात नाही म्हणून?"

"तिला भूक लागली असेल म्हणून."

"ते कारण बाहेरचं झालं, वत्सला. आतलं कारण काय?"

"अहो, भूक आतच लागते ना?"

ती गेली. मी अडवले नाही. अडवणे तत्त्वात बसत नाही.

१ डिसेंबर, रविवार

केरूने आज चर्चबाहेर माझा हात धरला. "मास्तर, मी हरलो. कुणी तरी रोज जातंय तिकडे. रोज वाकळ धुऊन वाळत असते, मडकं भरलेलं असतं. म्हातारीला विचारलं कोण येतं, तर म्हणते तुला काय करायचंय. आमच्या घरून आता जात नाही, खोटं कशाला सांगू. गरजच दिसत नाही."

मी घरी येऊन दार लावले आणि गुडघे टेकले. डाव्या हाताला कळू न देता उजवा हात देतो आहे! कोण असेल तो? नाव न सांगता, फळ्याशिवाय, भीतीशिवाय! मनुष्याला मोकळे सोडा, तो देवाकडेच जातो. हे मी वाचले होते, आज पाहिले.

धोंडीरामांना सहा पानी पत्र लिहिले. त्यात लंकाबाईची सगळी हकिकत घातली. पत्र टाकायला स्वतः चालत मोठ्या पोस्टात गेलो.

८ डिसेंबर, रविवार

आठवडा वाईट गेला. लिहायला नको वाटते, पण वही खोटी नको.

गेल्या महिन्याचे पीठ चार दिवस आधीच तळाला गेले होते. आज वत्सलाला विचारले, "पीठ जातं कुठे?"

ती खोटे बोलली नाही. "लंकाबाईकडे."

"किती दिवस?"

"फळा उतरला त्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून. सकाळ-संध्याकाळ."

"बाकीचे?"

"आधी कोणी कोणी यायचे. आता नाही. मडकं भरलेलं दिसतं, वाकळ धुतलेली दिसते, त्यांना वाटतं आहे कोणी तरी."

"मला का सांगितलं नाहीस?"

"तुम्ही मला मन तपासायला बसवलं असतंत. तोवर तिची वाकळ ओली राहिली असती."

मी रागावलो नव्हतो. मला फसल्यासारखे वाटत होते. ज्याच्यासाठी मी गुडघे टेकले तो कोणी मोकळा ख्रिस्ती मनुष्य नव्हता, माझीच बायको होती, माझेच पीठ घेऊन. पगार माझा, म्हणजे श्रम माझे. माझ्या संमतीशिवाय ते दिले गेले. सरकार करवसुली करते त्यात आणि यात तत्त्वतः फरक नाही. आणि दुसरे असे की एकानेच सगळे केले तर तेरा घरांची देण्याची संधी हिरावली जाते. वत्सला थांबली तरच ती जागी होतील. म्हणजे ती जात राहिली तर प्रेमाच्या आड येते आहे.

हे तिला समजावून सांगितले. ती पाटीवर बघावे तसे माझ्या तोंडाकडे बघत होती.

पिठाच्या डब्याला कुलूप लावले. ही सक्ती नव्हे, हे मी नीट पारखून पाहिले आहे. तिला कुठेही जायची मोकळीक आहे. मी फक्त माझ्या वस्तूचे रक्षण करतो. रोज सकाळी दोघांपुरते पीठ काढून देतो.

केरूला खरे सांगावे का? धोंडीरामांना पत्र तर गेले. आता सांगितले तर एका बाईच्या हट्टापायी मोठ्या गोष्टीचे नुकसान होईल. थांबावे हेच बरे.

१६ डिसेंबर, सोमवार

थंडी फार. वत्सला हल्ली माझ्याबरोबर जेवत नाही, मागाहून जेवते. भूक नाही म्हणते. चेहरा उतरला आहे. पदराखाली काही तरी धरून दिवेलागणीला बाहेर जाते, प्रार्थनेला जात असावी. मी विचारत नाही. तिचे जाणे-येणे हा तिचा प्रश्न.

शाळेत मुलांनी फळ्यावर खडूने 'झिपरू' लिहिले. कोणी लिहिले ते कोणी कबूल करेना. सगळ्या वर्गाला उभे केले.

२० डिसेंबर, शुक्रवार

वत्सलाला चार दिवस ताप. तरी कालपर्यंत दिवेलागणीला बाहेर जात होती. डॉक्टर म्हणाले, छातीत कफ आहे आणि अंगात काही नाही, जेवत नव्हत्या का? मी सांगितले, रोज दोन माणसांचे पीठ काढून देतो.

तिचा भाऊ आला. आज दुपारच्या गाडीने नांदगावला घेऊन गेला. टांग्यात बसवताना तिने माझी बाही धरली.

"लंकाबाईकडे कोण जाईल?"

"जाईल कोणी तरी."

"एकाचं नाव सांगा. एकच."

"वत्सला, नाव सांगितलं की पुन्हा फळाच झाला."

"मग तुम्ही जा. मला वचन द्या."

वचन म्हणजे माणसाने उद्याच्या स्वतःवर आजच केलेली सक्ती. मी म्हणालो, "मनात आलं तर जाईन."

"मग केरूभाऊंना तरी सांगा की मी चालले. त्यांना वाटतंय कोणी तरी जातं."

भावाने टांगा हाकायला सांगितले. ती वळून बघत होती. मला नव्हे, चिंचेकडे.

केरूला सांगायचे की नाही, यावर संध्याकाळभर विचार केला. सांगणे म्हणजे त्याच्यावर ओझे टाकणे. मी सांगितले म्हणून तो गेला, तर ते जाणे त्याचे राहणार नाही. सांगितले नाही.

२५ डिसेंबर, बुधवार

नाताळ. चर्च भरले होते. मी उपदेश केला. विषय: राजवाड्यात जन्म घेता आला असता तरी प्रभूने गोठा आपल्या इच्छेने निवडला. बायका रडल्या. घरोघर करंज्यांची ताटे फिरली. केरूची बायको कलाबाई म्हणाली, "लंकाबाईकडे आमच्यातलं ताट पाठवलं. पोरं म्हणाली ती कण्हत होती आणि मडकं पालथं पडलं होतं. कोणी तरी भरेलच म्हणा, आज सणाचं." मी मान हलवली.

वत्सलाची आठवण झाली. तिची करंजी फुटत नाही.

२९ डिसेंबर, रविवार

मी कठोर आहे का? हा प्रश्न आज पहिल्यांदा मनात आला, म्हणून लिहितो.

दुपारी उपासनेनंतर चिंचेपर्यंत गेलो. हातात काही नव्हते. आधी मन पाहावे, मग भाकरी आणावी, असे ठरवले होते. आणि खरेच मन मऊ झाले होते. तिने पाजलेली पेज आठवली. ती आठवत नाही, सांगितलेली आठवते, पण तेवढेही पुरले. हेच ते, असे वाटले. आता जे करीन ते माझे असेल.

तेवढ्यात आतून आवाज आला. अगदी बारीक. "कोन हाय? पानी."

मी पाऊल उचलले.

"झिपरू, तूच ना रं? तुझा पाय वळखते मी. पानी दे, झिपऱ्या."

सगळे गेले. मन पुन्हा दगड. एखादे मूल हाक मारते तशी नव्हे, मालक हाक मारतो तशी तिने मारली. अशा वेळी दिले असते तर ते रागाने दिले असते, आणि रागाचे दान देवाला चालत नाही. परतलो. उद्या सकाळी स्वच्छ मनाने जायचे ठरवले आहे.

३० डिसेंबर, सोमवार

पाहुण्यांसाठी शाळा सारवून घेतली. भिंतींना चुना. दिवस पुरला नाही.

१ जानेवारी १९३६, बुधवार

जसे झाले तसे लिहितो.

धोंडीराम आणि आणखी दोघे जण सकाळच्या गाडीने उतरून चालत आले. चाळिशीचा, काळासावळा, उंच मनुष्य. डोक्याला पांढरा रुमाल. बोलण्यापेक्षा बघतो जास्त. शाळा दाखवली, चर्च दाखवले. विहिरीवर मी म्हणालो, "काढा पाणी. इथे सगळे काढतात." त्याने पोहरा सोडला, भरून वर घेतला आणि काठावर तसाच धरून राहिला. मग तिघेही प्याले. एक जण तोंड पुसताना हसला. मला वाटले, सगळे साध्य झाले.

मी व्यक्तिस्वातंत्र्य आणि सुवार्ता यांविषयी बोलत होतो. धोंडीरामने मध्येच विचारले, "पत्रातली म्हातारी कुठं हाय? तिला भेटायचं."

मी म्हणालो, ती थकलेली असते. तो म्हणाला, "नुसते पाया पडून येतो." केरू पुढे झाला आणि वाट दाखवू लागला. अभिमानाने.

दार ढकलले तेव्हा आधी वास आला. ती खाटेवर नव्हती. जमिनीवर होती, दारापासून दोन हातांवर, पालथी. खाटेपासून तिथवर मातीत घासल्याची खूण होती. हात पालथ्या मडक्यात होता. मुंग्या लागल्या होत्या.

केरूने रुमाल तोंडाला लावला आणि बाहेर जाऊन ओकला. धोंडीरामने डोक्याचा रुमाल सोडला आणि तिच्या तोंडावरच्या मुंग्या पुसल्या. सावकाश, एकेक. मग मला विचारले, "आज कुणाची पाळी होती?"

मी सांगितले की आमच्यात पाळी नाही. सक्ती नाही, हेच तर पत्रात...

तो म्हणाला, "मास्तर, आमच्या गावात मेलेलं ढोर वढायची आमच्यावर सक्ती होती. तीन वर्सं झाली, आम्ही ते टाकलं. मार खाल्ला. दुकानदारानं मीठ दिलं नाय, तरी टाकलं. सक्ती काय असती ते मला नका सांगू." तो रुमाल झटकत होता. "पण माझी आई निजून होती तवा माझ्या मनात काय येतं, ते मला कुणी इचारलं नाय. म्या पन नाय इचारलं. येळच नव्हता."

मी म्हणालो, "तुम्ही भावनेच्या भरात आहात."

"व्हय," तो म्हणाला. "फावडं कुठं हाय?"

खड्डा त्या तिघांनी खणला. आमची माणसे कडेला उभी होती. केरूने मदतीला हात पुढे केला तर धोंडीरामने फावडे दिले नाही. प्रार्थना मी म्हटली. जेवायला थांबा म्हटले, थांबले नाहीत. विहिरीवर हात धुऊन गेले. जाताना तो हसणारा तरुण थुंकला. कोणाकडे बघून, ते मी पाहिले नाही.

ती कधी गेली असेल? सोमवारी असावी. ज्या दिवशी मी स्वच्छ मनाने जाणार होतो. माझा हेतू शुद्ध होता, हे देव जाणतो.

५ जानेवारी, रविवार

चर्चमध्ये आज कोणी गाईना. उपासना संपल्यावर केरू उभा राहिला. डोळे सुजलेले. "आपण सगळ्यांनी मिळून तिला मारलं," तो म्हणाला. "पण नाताळच्या आधी महिनाभर एक माणूस रोज जात होता. वाकळ धूत होता. त्या एका माणसामुळे ती एवढी जगली. त्याच्यावर काय संकट आलं आणि तो का थांबला, ते देवाला ठाऊक. तो इथे असेल तर उभा राहू दे. आपल्याला त्याच्या पाया पडायचंय. नाही तर या चर्चमध्ये ख्रिस्ती म्हणायला एकही माणूस नाही, आणि मी उद्या कुलूप लावून सायबाला पत्र लिहितो."

कोणी हलेना. आंधळा मंगळूबाबा, घंटा वाजवणारा, मान वळवून पावलांचा कानोसा घेत होता.

मी विचार केला. वत्सला इथे नव्हती. पीठ माझे होते. माझ्या घरातून गेले. नवरा-बायको एक देह, हे शास्त्र आहे. आणि चर्चला कुलूप लागले असते, तर एवढ्या वर्षांचे काम धुळीला मिळाले असते.

उभा राहिलो.

कलाबाई हुंदका देऊन रडू लागली. केरू आला आणि खरेच माझ्या पायांवर डोके ठेवले. "मी तुमचं नाव वाचलं होतं, मास्तर," तो म्हणत होता. "मी तुमचं नाव वाचलं होतं." मी त्याला उठवले. 'मग थांबलात का?' असे कोणी विचारलेच, तर बायकोच्या आजारपणाचे कारण तयार होते. कोणी विचारले नाही.

नंतर सभेत कोणी तरी म्हणाले, फळा परत लावू. मी म्हणालो, "एका घराने मोकळ्या मनाने केलं, ते तुम्ही पाहिलंत. उरलेल्या तेरांना संधी नाकारू नका." या वेळी चौदाच्या चौदा हात वर झाले. केरूचासुद्धा. शिवाय मंगळूबाबाचाही. त्यालाही कोणी नाही, आणि थंडीपासून त्याच्या पायाला सूज आहे.

११ जानेवारी, शनिवार

वत्सला आज न कळवता आली. टांग्यातून उतरते तोच कलाबाईने गाठले. मी ओसरीतून बघत होतो. कलाबाई तिचे दोन्ही हात धरून बोलत होती, डोळे पुसत होती, माझ्याकडे बोट दाखवत होती. लंकाबाई गेली, हे बहुधा तिथेच कळले असावे. वत्सलाने सगळे ऐकून घेतले. "हो," एवढेच म्हणाली. मग चिंचेकडे गेली. तासाने परत आली, हाताला माती.

घरात आल्यावर मी म्हणालो, "मला समजावून सांगू दे."

ती म्हणाली, "नको."

तिने आपली कापडे ट्रंकेत भरली. फार नव्हती. "मी नांदगावला जाते. शाळेत स्वयंपाकीण हवी आहे तिथे. तुम्हाला विचारत नाही, सांगते."

"कायमची?"

"हो."

"कारण काय?"

ट्रंकेची कडी लावताना ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मनात आलं."

यावर वाद नाही. तिला थांबवायचे तर जोर करावा लागला असता, आणि तो मी जन्मात केला नसता. ट्रंक मीच टांग्यापर्यंत नेऊन दिली. हलकीच होती. केरू रस्त्यात भेटला, म्हणाला, "वहिनींना अजून बरं नाही का, मास्तर?" मी म्हणालो, "नाही." त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

टांगा वळणावर दिसेनासा झाल्यावर दार लावून घेतले आणि उद्याच्या उपदेशाची टिपणे काढायला बसलो.